छत्रीच्या ग्लासातला पावटा

आमच्या बालवाडीच्या भिंतीवर पाच याद्या लावलेल्या असतात. कोण आलं, कोण नाही आलं. कुणाला न्यायला कोण येणार. कुणाला काय खायला चालत नाही. दर महिन्याची उंची आणि वजन. पाचवी दुधाची. सगळ्या माझ्या हातच्या, पट्टीने रेघा मारलेल्या. आमच्या मावशी पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत, त्यामुळे त्यांना माझ्याशी बोलताना आडपडदा लागत नाही. त्या म्हणतात, बाई, तुम्ही वर जातानासुद्धा यादी करून जाणार. मी म्हणते, करणारच, आणि त्यात तुमचा नंबर माझ्या आधी लावणार.

बालवाडी मंगळवार पेठेत, आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, मागे थोडी मोकळी जागा, तिथे एक कढीलिंब. मुलं अडीच ते पाच वर्षांची. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी याद्या करायच्या तर नावं लिहून उपयोग नाही, म्हणून प्रत्येकाला एक चित्र दिलेलं असतं. मासा, किल्ली, घंटा, छत्री. दप्तराच्या खुंटीवर तेच चित्र, दुधाच्या पेल्यावर तेच, यादीतही तेच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलं आपली खुंटी न चुकता ओळखायला लागतात. पुढे वर्षभर मीसुद्धा मुलांना मनातल्या मनात चित्रांनीच ओळखते. इथेही तसंच लिहिते. त्यामुळे कुणाचं नाव उघड होत नाही आणि मला तरी सगळं नीट आठवतं.

ही गोष्ट छत्रीची.

छत्री तेव्हा चार वर्षांची होती. बारीक, काळी, भिवया सतत वर चढलेल्या. घर मागच्याच गल्लीत. तिला सोडायला आणि न्यायला आजोबा यायचे. तरुणपणी ते कुस्ती खेळलेले. कान मोडलेले, मान आखूड, आवाज असा की ते दारात बोलले तर आत झोपलेलं मूल जागं व्हावं. रोज संध्याकाळी ते नातीला घेऊन दुधाच्या कट्ट्यावर जायचे. तिथे म्हैस समोर उभी असते, धार काढली की फेसाळ ग्लास थेट हातात मिळतो. आमच्या गावात मुलांना वाढ म्हणजे काय हे पहिल्यांदा त्या कट्ट्यावर कळतं. दूध प्यालं की माणूस वाढतो, पैलवान होतो, दंड फुगतो. आजोबांनी नातीला हे इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला ते पाठ होतं.

जुलैमध्ये छत्रीच्या आईचं बाळंतपण दिवस भरायच्या आधीच झालं. मुलगा झाला. खूपच लहान होता, म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवला. आई तिथेच. वडील टेम्पो चालवायचे, ते काम आणि दवाखाना यांच्यामध्ये फिरत होते. घरी आजी-आजोबा आणि छत्री. आजोबांनी हे मला फाटकात उभं राहून सांगितलं, आणि त्यांच्या दृष्टीने हळू आवाजात सांगितलं, म्हणजे समोरच्या किराणा दुकानदारालाही समजलं. वजन वाढलं की बाळाला घरी आणायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. छत्री त्यांचं बोट धरून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या खेळाच्या कोपऱ्यात पेटी आली.

हे कोपरे मी दरवर्षी मांडते. एक चुलीचा, एक दुकानाचा, एक दवाखान्याचा. वस्तू ठेवायच्या, नियम दोनच सांगायचे, मारायचं नाही आणि खेळून झालं की जागच्या जागी ठेवायचं, आणि मग आपण लांब बसून बघायचं. मुलं घरात जे बघतात ते तिथे आणतात. पालकांना वाटतं, पोरं नुसती खेळतात. मी त्यांना सांगते, एक तास माझ्याशेजारी बसा आणि मग सांगा. कुणी बसत नाही.

छत्रीने भाजीचा प्लास्टिकचा क्रेट घेतला, जाळीचा. त्यात आमची कापडी बाहुली ठेवली. वरून ओढणी पांघरली. मग जाळीच्या भोकातून हात आत घालून बाहुलीच्या पायाला एक बोट लावलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. वडिलांनी फोनवर काढलेल्या व्हिडिओत तिने आईला असं करताना पाहिलं होतं, हे मला नंतर कळलं. मासा धावत आला आणि बाहुली उचलायला गेला, तर तिने त्याला अडवलं. पेटीत हाय, उचलायचं न्हाय, हात धुऊन ये. मासा दांडगा मुलगा, कुणाचं ऐकत नाही. तो गेला आणि हात धुऊन आला. त्या आठवड्यात आमच्याकडे साबणाची वडी निम्मी झाली. बावीस वर्षं मी हात धुवा, हात धुवा म्हणून ओरडते आहे. जे मला जमलं नाही ते एका क्रेटने केलं.

याच सुमारास आमचा पावटा लावायचा कार्यक्रम होता. बी दरवर्षी मी माहेराहून, हातकणंगल्याजवळच्या भावाच्या शेतातून आणते. पारदर्शक ग्लास घ्यायचा, कडेने ओला कापूस लावायचा, कापूस आणि ग्लास यांच्यामध्ये पावटा ठेवायचा, म्हणजे मूळ कुठून फुटतं आणि कोंब कुठून येतो ते बाहेरून दिसतं. प्रत्येक ग्लासावर ज्याचं त्याचं चित्र. सगळे ग्लास खिडकीत ओळीने. आणि चार ग्लास जादा, चित्राशिवाय, कारण चोवीस मुलं म्हटल्यावर काही ग्लास लवंडणारच. हे चार जादा ग्लास लक्षात ठेवा.

छत्रीने स्वतःचा पावटा स्वतः निवडला. मूठभर बियांतून एक घेतला, ज्याच्या एका अंगाला काळा ठिपका होता. मी म्हटलं, दुसरा चांगला घे. तिने मूठ मिटली.

आता दुधाचं सांगते. आमच्याकडे साडेदहाला दूध देतो. मुलं प्यायली की रिकामा पेला टबात टाकतात आणि मी यादीत खूण करते. जूनमध्ये छत्रीच्या ओळीत खुणा जवळजवळ नव्हत्याच. कट्ट्यावरचं फेसाळ दूध पिणाऱ्या मुलीला आमचं डेअरीचं कोमट दूध कशाला आवडेल? मावशी पेला घेऊन तिच्यामागे फिरायच्या. पण जुलैअखेर चमत्कार झाला. छत्रीचा पेला रोज सगळ्यांत आधी टबात पडायला लागला. एकही दिवस चुकला नाही. ओळ खुणांनी भरली. मला इतकं बरं वाटलं की मी त्या ओळीपुढे लाल पेनाने एक चांदणी काढली आणि आजोबांना बोलावून दाखवली. ते म्हणाले, रक्तातच हाय.

एक तारखेला वजनं घेतली. काट्यावर छत्री मागच्या महिन्यापेक्षा कमी भरली. मी काटा शून्यावर आणला, पुन्हा उभं केलं. तेवढंच. मावशींना उभं केलं, तर काटा नीट होता, मावशी नाराज झाल्या. आई घरात नाही, जेवण इकडेतिकडे होत असेल, असं मी धरून चालले. दुधाची यादी बघितली. यादी भरलेली होती. यादी भरलेली असली की मी निश्चिंत असते. तीच माझी चूक.

आठवड्याभरात खिडकीतल्या ग्लासांत पांढरी मुळं उतरली. मासाचा कोंब तर कापसाच्या वर आला, आणि तो सगळ्यांना बोलावून दाखवत होता, जणू त्याने स्वतः ढकलून वर आणला होता. छत्रीच्या ग्लासात काही नव्हतं. आणि खोलीत वास यायला लागला होता. आंबूस, जुन्या ताकासारखा. मावशींनी आधी गटाराला दोष दिला, मग माझ्या नव्या फिनेलला, मग शेजारच्यांच्या मांजराला. तिसऱ्या दिवशी त्या नाक पुढे करून खिडकीच्या कडेने चालत गेल्या आणि एका ग्लासापाशी थांबल्या.

"बाई, इकडं या. ह्यात दूध हाय."

छत्रीचा ग्लास. कापूस पिवळा, घट्ट झालेला. काळ्या ठिपक्याचा पावटा फुगून बुळबुळीत झाला होता आणि त्यावर राखी लव धरली होती. कुणीतरी खोडी केली असणार, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी दप्तरांच्या खुंट्यांच्या उभ्या फळीमागे, मुलांना दिसणार नाही अशी उभी राहिले.

छत्रीने पेला घेतला. इकडेतिकडे बघितलं. खिडकीशी गेली, चुलीच्या कोपऱ्यातला खेळण्यातला चमचा खिशातून काढला, पेल्यात बुडवला आणि दोन चमचे दूध पावट्यावर सोडलं. थेंबही बाहेर सांडला नाही. मग ग्लासाला तोंड लावून ती त्याच्याशी बोलली. पी, पटापटा पी, वजन वाढलं की घरी यायचं. एवढंच. मग राहिलेलं दूध तिने स्वतःच्या पाण्याच्या बाटलीत ओतलं, झाकण घट्ट लावलं, बाटली दप्तरात ठेवली, रिकामा पेला टबात टाकला आणि यादीपाशी येऊन उभी राहिली. माझी वाट बघत. मी खुंट्यांमागून आले आणि खूण केली. हाताला सवय होती, तो थांबलाच नाही.

दुपारी आजोबांना फाटकात गाठलं. बाटलीतल्या दुधाचं विचारलं. ते म्हणाले, ते तुम्हीच घालून देता न्हवं? आजीला वाटायचं बालवाडीत उरलेलं दूध बाई घरी पाठवतात. घरी पोचेपर्यंत ते नासलेलं असायचं, ती बाटली धुऊन टाकायची आणि दवाखान्यात डबा पाठवायच्या गडबडीत विसरून जायची. आणि कट्ट्यावर? आजोबांचा चेहरा खुलला. गेले तीन आठवडे नात कट्ट्यावर दूध पीत नव्हती. आजोबा, बाळासाठी बाटलीत घ्या, म्हणायची. ते घ्यायचे. त्यांना तिचं केवढं कौतुक.

"लई गुणाची हाय बाई. सोता घोटभर पीत न्हाय."

मग मी काय बोलतेय ते त्यांच्या ध्यानात आलं. मोठा माणूस, पण फाटकाला धरून उभा राहिला. तीन मोठी माणसं, प्रत्येकाला वाटत होतं की पोरगी दुसरीकडे दूध पिते आहे. माझ्याकडे तर लेखी पुरावा होता, वर चांदणी.

आता प्रश्न दुधाचा कमी आणि पावट्याचा जास्त होता. तिच्या लेखी काचेतला पावटा आणि काचेतलं बाळ एकच होतं, दूध मिळालं की दोघं वाढणार होते आणि घरी येणार होते. आणि पावटा कुजला होता. उद्या ना परवा तिला ते कळणार. मग ती बाळाबद्दल काय समजेल? 

मावशींकडे उत्तर तयार होतं. जादाचे चार ग्लास हायत न्हवं, एक बदलून टाका की, कुणाला कळतंय. मी यादीवाली बाई, जादा ग्लास नेमका अशा वेळेसाठीच तर ठेवते. मुलं गेल्यावर मी छत्रीचं चित्र नखाने सोडवलं आणि चांगल्या कोंबाच्या ग्लासावर चिकटवलं. कुजलेला पावटा कापसासकट मावशींनी मागे कढीलिंबाच्या बुडाशी टाकला. काम झालं म्हणून मी चहा घेतला.

सकाळी मुलं खिडकीशी गोळा झाली. छत्रीचं आलं, छत्रीचं आलं, म्हणून मासा ओरडला, त्याला दुसऱ्यांच्या गोष्टींचाही आनंद होतो. टाळ्या वाजल्या. छत्री ग्लासाच्या एका बाजूने बघून आली, मग दुसऱ्या बाजूने. भिवया वर.

"हे माझं न्हाय. माझ्याला काळा ठिपका हाय."

मी म्हटलं, अगं वाढताना ठिपका जातो. हे मी बोलले. बावीस वर्षांत मुलांशी मी खोटं बोललेली नाही असं मला वाटायचं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग क्रेटपाशी जाऊन बसली, जाळीतून हात घालून बाहुलीच्या पायाला बोट लावलं. दुधाची वेळ झाली तरी उठली नाही. मी शेजारी बसले. माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

"बाई, पेटीतलं बाळ पण बदलत्यात?"

मी उठले आणि मावशींना म्हटलं, चला मागे. मावशींनी कपाळाला हात लावला, पण आल्या. आम्ही दोघी कढीलिंबाच्या बुडाशी उकिडव्या बसलो आणि चमच्याने उकरायला लागलो. अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, आणि त्यात तो कापूस. पावटा मिळाला. मी तो पाण्याखाली धरला, बशीत ठेवला आणि आत नेला. सगळ्या मुलांना खाली गोल बसवलं. छत्रीला माझ्याशेजारी.

मी सांगितलं की हा छत्रीचा पावटा, आणि काल मी तो बदलला, छत्रीला विचारलं नाही, माझं चुकलं. पेटीतलं बाळ कुणी बदलत नाही, त्याच्या पायात त्याच्या आईच्या नावाची पट्टी असते. मुलांना माझी चूक फार आवडली. बाईचं चुकलं, असं दोन-तीन जणांनी एकमेकांना सांगून पाहिलं. छत्री बशीवर वाकली. ठिपका होता, बुळबुळीत सालीवर, पण होता. तिने बोटाने दाबलं. साल फाटली, आतून पाणी आलं.

"मेलं?"

मी हो म्हटलं. दुसरा शब्द मला सुचला नाही, आणि बरं झालं सुचला नाही. मी म्हटलं, पावट्याला दूध चालत नाही, त्याला पाणी लागतं. तू त्याला चांगलंच दिलंस, पण ते त्याचं नव्हतं.

मी रडण्याची तयारी ठेवली होती. रुमालसुद्धा काढून ठेवला होता. पण गोलात गप्पा सुरू झाल्या. मासा म्हणाला, म्हशीला वैरण लागती. त्याच्या घरी दोन म्हशी आहेत, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा. घंटा म्हणाली, मांजराला मासा लागतो, आणि मासाने तिच्याकडे रागाने बघितलं. किल्ली म्हणाला, टेम्पोला डिझेल. प्रत्येकजण सांगायला लागला. छत्री ऐकत होती. कपाळावर आठी, पण रडण्याची नव्हती, हिशेब मांडताना माझ्या कपाळावर येते तशी.

"आणि बाळाला?"

मी म्हटलं, बाळाला आईचं दूध.

"कोण देतंय?"

आई देते, म्हटलं. पण मला दिसलं की आता माझ्या शब्दावर तिचा तेवढा भरवसा नव्हता. कालच मी पावटा बदलला होता. मग मी फोन काढला आणि तिच्या आईला लावला. आई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली होती, मागून कुणाच्या तरी नावाचा पुकारा ऐकू येत होता. मी दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन मोठ्या आवाजावर करून गोलाच्या मध्ये ठेवला. चोवीस मुलं फोनवर वाकली.

आई सांगत होती की बाळाला मीच दूध देते, दर दोन तासांनी. आधी नळीने द्यायचे, आता वाटी-चमच्याने पितंय. काल वजन वाढलं, नर्सबाईंनी लिहून ठेवलंय. छत्रीने फोनजवळ तोंड नेलं.

"त्याला पुरतंय? सगळं?"

"पुरतंय ग. उरतंय सुद्धा."

"मग माझं मी पिऊ?"

 पुकारा चालूच होता. मग आई म्हणाली, पी की ग बाय माझी, आणि फोन बंद झाला. मावशी पदराने नाक पुसत होत्या आणि कांद्यांना दोष देत होत्या. त्या दिवशी जेवणात कांदा नव्हता.

छत्रीचं दूध गार झालं होतं. ती ते तसंच प्यायली, दोन्ही हातांनी पेला धरून, न थांबता. मग ती यादीपाशी जाऊन उभी राहिली. मी पेन उचललं आणि मला जाणवलं की या यादीत मी आजवर मुलांचं दूध लिहिलंच नव्हतं, मी रिकामे पेले लिहीत होते. तेव्हापासून नियम बदलला. पेल्याकडे बघायचं नाही, ओठाकडे बघायचं. ओठावर पांढरी मिशी असेल तरच खूण, आणि खूण मुलाने स्वतः करायची. खुणा आता वेड्यावाकड्या येतात, रेघेच्या बाहेर जातात. मला त्रास होतो, पण मी बोलत नाही.

त्याच दिवशी सहावी यादी तयार झाली. ती मात्र मुलांची. कोण काय खातं. मोठ्या कागदावर चित्रं, डावीकडे कोण, उजवीकडे काय. म्हैस आणि वैरण मासाने काढली, म्हशीला सहा पाय आले. पावटा आणि पाणी. बाळ आणि आई. टेम्पो आणि डिझेल हे मला मान्य नव्हतं, पण किल्ली हटेना. शेवटी छत्रीने छत्री काढली आणि तिच्यापुढे पेला. मग कुणीतरी विचारलं, बाई काय खाते? एका सुरात उत्तर, चहा. मावशींच्या पुढे त्यांनी आधी भाकरी काढली आणि मग मिसरीची डबी. मावशी भडकल्या, मिसरी काय खात्यात व्हय रे, लावत्यात ती. मी डबी खोडायला लावली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथे होती.

जादाच्या ग्लासाला छत्रीने हात लावला नाही. तिने डब्यातून नवा पावटा मागितला. ठिपक्याचा आहे का बघितलं, नव्हता, मग तसाच घेतला. रोज सकाळी आल्याबरोबर ती कापसाला बोट लावून बघायची, कोरडा वाटला तरच चमचाभर पाणी. माझ्या पाण्याच्या पाळीच्या तक्त्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तक्त्याप्रमाणे पाणी घातलेल्या मुलांपैकी तिघांची रोपं पाणी जास्त होऊन गेली. तिचं वाढलं. आम्ही ते मागच्या भिंतीशी मातीत लावलं. पुढल्या महिन्याच्या एक तारखेला तीही काट्यावर वाढलेली भरली. मी आजोबांना सांगितलं. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि थेट कट्ट्याची वाट धरली, संध्याकाळ व्हायला अजून बराच वेळ होता तरी.

गौरी-गणपतीच्या सुट्टीनंतर बाळ घरी आलं. आणखी काही दिवसांनी, डॉक्टरांनी चालेल म्हटल्यावर, आई त्याला घेऊन अर्ध्या तासासाठी आमच्याकडे आली. मी आदल्या दिवशी कामांची यादी केली होती: सतरंजी, गरम पाणी, मुलांना आधी सूचना. काही करायची वेळ आली नाही. छत्रीने दारातच सगळ्यांना ओळीने उभं केलं. हात धुऊन आलेल्यालाच आत सोडत होती, ओले हात वास घेऊन तपासत होती. मासाला परत पाठवलं, साबण लागला न्हाय म्हणून. मी आत जायला लागले तर तिने मला अडवलं.

"बाई, हात."

मी गेले आणि धुऊन आले. मावशी माझ्यामागे ओळीत उभ्या होत्या आणि हसत होत्या, त्यांनाही परत जावं लागलं.

बाळ दोन तळहातांत मावेल एवढं होतं. डोळे मिटून होतं. मुलं एकेक करून त्याच्या पायाला एक बोट लावत होती आणि बाजूला होत होती, क्रेटमधल्या बाहुलीला लावायची तसंच. एकही मूल ओरडलं नाही, एकानेही ढकललं नाही. चोवीस मुलं, आणि खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. घंटाने दप्तरातून बिस्किट काढलं आणि बाळाच्या तोंडाकडे नेलं. छत्रीने तिचा हात धरला, बाजूला घेतलं आणि भिंतीवरच्या सहाव्या यादीत बाळाच्या पुढचं चित्र दाखवलं. घंटाने बिस्किट स्वतः खाल्लं.

मग छत्री म्हणाली, उंची. आमच्या दाराच्या चौकटीवर मी दर महिन्याला मुलांची उंची पेन्सिलीने लिहिते, वर्षानुवर्षांच्या रेघा एकावर एक आहेत. बाळाची पण लिहायची. आई घाबरली, उभं कसं करणार? मावशींनी मार्ग काढला. बाळाला पाठीवर आणि मानेखाली हात देऊन चौकटीशी तिरकं धरलं, पाय उंबऱ्याला टेकतील असं. छत्रीने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्याच्या टाळूच्या रेषेत खूण केली. उंबऱ्यापासून हातभर सुद्धा वर नव्हती. खुणेजवळ तिने काय चित्र काढावं? मला वाटलं पेटी काढेल. तिने पावटा काढला, आणि त्याच्यावर एक काळा ठिपका.

दिवाळीआधी रंगारी आले. खोल्या, खिडक्या, दारं, सगळं रंगवायचं होतं, माझी यादी त्यांच्या हातात होती. मी त्यांना चौकटीपाशी नेलं आणि सांगितलं, हे सोडून. ते म्हणाले, बाई, एवढीच चौकट जुनी दिसंल की. मी म्हटलं, दिसू द्या, आणि त्यांच्या हातातली यादी घेऊन त्यातून चौकट खोडली.

छत्री आता दुसरीत आहे. दुपारी शाळा सुटली की भावाला हाताला धरून बालवाडीच्या मागच्या बाजूला येते, भिंतीवर चढलेल्या वेलाच्या शेंगा मोजते, कापूस नसला तरी मातीला बोट लावून बघते. भावाला यंदा जूनमध्ये आमच्याकडे घातलंय. चित्र कुठलं द्यायचं ते मला कुणी विचारलं नाही. खुंटीवर त्याच्या बहिणीने आधीच चिकटवून ठेवलं होतं, काळ्या ठिपक्यासकट.